पडून राहिलेलं रक्त

आमच्या डॉक्टर मॅडमचा चौदा वर्षं माझ्यावर जीव. मग लॅबमध्ये ही नवी मुलगी आली आणि जिथे तिथे तिचंच नाव. नवीला विचारा, नवीला दाखवा. माझा नुसता जळफळाट.

काम असं होतं: डोळ्याला आतून सूज येणाऱ्या पेशंटचं रक्त घ्यायचं, निरोगी माणसांचं घ्यायचं, आणि कुठली जनुकं दोघांत वेगळी वागतात ते बघायचं. पेशंटचं रक्त गोळ्या सुरू व्हायच्या आधीच हवं, नंतर सगळं चित्रच बदलतं. हे मानाचं काम मॅडमनी नवीला दिलं, मला नाही.

ती पेशंटच्या नळ्या खाली ओपीडीत स्टँडला लावून ठेवायची आणि दुपारी सगळ्या एकदम वर आणायची. निरोगी म्हणजे आम्ही लॅबमधलेच, आमचं रक्त काढलं की लगेच कामाला. नळीत रक्त तासनतास पडून राहिलं की पेशी बिथरतात, जनुकं भलतीच वागतात, हे मला तोंडपाठ. खाली गेले की त्या नळ्या बघायचे आणि मूग गिळून वर यायचे. म्हटलं, पडू दे हिला तोंडावर.

सहा महिन्यांनी निकाल आला. केवढा तो फरक! मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली आणि मला राहवेना. उठले नि म्हटलं, हा फरक आजाराचा नाही, पडून राहिलेल्या रक्ताचा आहे. माझंच रक्त चार तास ठेवून तपासा.

तपासलं. डोळे धडधाकट असून कागदावर मी पेशंट निघाले.

चाळीस जणांचं रक्त वाया गेलं. परत घ्यावं, तर सगळ्यांच्या गोळ्या केव्हाच सुरू झालेल्या. नवी रडेल म्हणून मी वाट बघत होते. ती मॅडमना म्हणाली, चूक माझीच, ताईंनी पकडली म्हणून निभावलं. मॅडमनी माझा हात हातात घेतला. "तू आहेस म्हणून ही लॅब आहे," म्हणाल्या. हेच ऐकायला माझे कान आसुसले होते.

नंतर बेसिनपाशी आम्ही दोघीच होतो. नवी हात धूत होती.

"तुम्ही रोज खाली येऊन नळ्या बघायचात, ताई," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, काही चुकत असेल तर तुम्ही सांगालच."

हे ती मॅडमना बोलली नव्हती आणि बोलणारही नव्हती. मला तिच्या त्या चांगुलपणाचासुद्धा हेवा वाटला.