दुसऱ्या नळीतला मंत्र

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या सकाळी मुंगीलाही उभे राहण्यास जागा नव्हती. किमतीची चिठ्ठी अद्याप लोंबत असलेल्या एका भल्यामोठ्या सोफ्यावर मंत्राने रक्तातल्या गाठी विरघळवणारे गाठबाबा विराजमान झाले होते, आणि त्यांच्या चिमटीत एक काचेची नळी होती. नळीत एका निवृत्त पोस्टमनचे रक्त होते. बाबांनी नळी उलटी केली. रक्त पडले नाही! घट्ट दह्याप्रमाणे ते तळाशीच चिकटून राहिले. शंभर तोंडांतून एकदम "अगं बाई!" असा उद्गार निघाला; त्यांत पुरुषांची तोंडेही बरीच होती.

"पाहिलंत?" बाबा गरजले. "रक्त म्हणजे आत्म्याचं सरबत! आणि ह्यांच्या सरबतात सात पिढ्यांची अढी बसलीय. तुमच्या चुलत पणजोबांनी कुणाची तरी शिडी नेली आणि परत केली नाही. खरं की खोटं?"

पोस्टमनला सख्खे पणजोबा आठवत नव्हते, तर चुलत कोठून आठवणार? तथापि इतक्या जनसमुदायासमोर पणजोबांची बाजू घेण्याचे धाडस त्यांना झाले नाही. "नेली असेल," ते पुटपुटले.

लगेच सोनेरी बुचाच्या दुसऱ्या नळीत ताजे रक्त घेण्यात आले. शिष्याने ती नळी उलटसुलट केली, बाबांनी पाव तास मंत्र म्हटले, आणि काय आश्चर्य! ह्या नळीतले रक्त पाण्यासारखे खळखळत राहिले. अढी विरघळली! शिडी माफ झाली!

नेमक्या ह्याच क्षणी एक बाई पांढऱ्या कोटात धापा टाकीत आत शिरली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे रक्त तपासणारी ही सूनबाई आपल्या सासूबाईंना शोधीत आली होती.

सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ दिवस झाले होते. रक्तात गाठ होऊ नये म्हणून पोटावर रोज एक इंजेक्शन चालू होते. परंतु कालपासून त्यांची पोटरी भोपळ्यासारखी सुजली, आणि सकाळच्या तपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्त थिजवणारे कण, निम्म्याहून खाली उतरलेले आढळले. डॉक्टरांना संशय आला, की गाठ रोखणारे औषधच गाठी करीत आहे. क्वचित असे घडते. शरीर त्या औषधाशी वैर धरते, आणि ह्या भांडणात प्लेटलेट एकमेकांना चिकटत सुटतात आणि गाठींत खर्ची पडतात. हे वैर ओळखणारे एक सेन्सर यंत्र प्रयोगशाळेत नुकतेच आले होते. चिपेवर ताजा थेंब ठेवला, की पाव तासात उत्तर. "इंजेक्शन बंद करा, उरलेली सोबत आणा आणि आईंना लगेच घेऊन या," असे सूनबाईने धाकट्या दिराला फोनवर बजावले होते. दीर आईला घेऊन निघालाही. परंतु वाटेत गर्दी दिसली.

आता सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सुजलेला पाय विक्रीच्या टीपॉयवर होता आणि टायरचे दुकान चालवणारा दीर हातात दोन इंजेक्शने घेऊन शेजारी उभा होता.

"भावोजी, दोन कशाला?"

"बाबांनी फुंकर मारून दिलीत, वहिनी. आज डबल घ्यायची म्हणाले. गाठ दुप्पट वेगानं पळते."

एक सुईदेखील घातक ठरण्याचा संभव असता, येथे दोन सज्ज होत्या! सूनबाईने दोन्ही हिसकावून कोटाच्या खिशात घातल्या.

"आई, उठा. पायाचा प्रश्न आहे. जिवाचाही आहे."

"मी नाही उठायची," सासूबाई म्हणाल्या. "तुझं ते यंत्र केवढं? खोबऱ्याच्या वड्यांच्या डब्याएवढं! त्याला माझ्या सात पिढ्या कुठून कळणार?"

"त्याला पिढ्या नाही हो कळत. एवढंच कळतं, की हे औषध तुम्हाला चालतं की नाही."

"मग बाबांना जास्त कळतं."

सूनबाईने रुग्णवाहिका बोलावली. यायला वीस मिनिटे लागतील असे उत्तर आले. बळजबरीने उचलावे तर सासूबाईंचे वजन आणि हट्ट, दोन्ही भारी. सबब ह्या वीस मिनिटांत त्यांचे मन वळवणे भाग होते. विचार करीत असता तिचे लक्ष शिष्याकडे गेले. तो नव्या भक्ताची दुसरी नळी उलटसुलट करीत होता. एक, दोन, तीन... बरोबर आठ वेळा, मनगटातून, अगदी हलक्या हाताने.

"हे काय चाललंय?" तिने विचारले.

"अष्टदिशांना वंदन," बाबा म्हणाले.

सूनबाई शिष्याजवळ सरकली आणि सहज स्वरात म्हणाली, "आणि फेस आला तर?"

"नमुना बाद, दुसरा घ्या," शिष्य उत्तरला. मग त्याने जीभ चावली.

"कुठल्या लॅबमध्ये होतास रे?"

शिष्य सोफ्याच्या मागे दिसेनासा झाला.

सूनबाई गर्दीकडे वळली. "मंडळी, एक करून बघू. माझ्या दिराचं रक्त बाबांच्याच दोन्ही तऱ्हेच्या नळ्यांत घालू. पहिल्या नळीवर बाबांनी सगळे मंत्र म्हणायचे. दुसरीवर एकही नाही."

"मंत्राविना नळी फुटेल!" बाबा ओरडले.

"फुटू दे की, नळीच आहे!" मागून कोणी म्हणाले. "होऊन जाऊ द्या!"

दिराने तोंड फिरवून, डोळे मिटून, आईचा हात धरून रक्त दिले. सूनबाईने दोन्ही नळ्या भरल्या आणि दुसरी स्वतः आठ वेळा हलवली.

"भावोजी, दुसरीवर तुम्ही काहीतरी म्हणा. तोंडपाठ असेल ते."

"मला टायरच्या मापांशिवाय काही पाठ नाही."

"चालेल."

त्यानंतरचा पाव तास अपूर्व होता. एकीकडे बाबा घाम पुसत मंत्र गर्जत होते, आणि दुसरीकडे दीर हात जोडून गंभीरपणे म्हणत होता, "एकशे पंचेचाळीस, ऐंशी, बारा... एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा... ट्यूबलेस..." तिसऱ्या आवर्तनापासून मागच्या रांगा "ट्यूबलेस" एका सुरात म्हणू लागल्या.

शेवटी सूनबाईने नळ्या उलट्या केल्या. मंत्रांची नळी थिजून दही झाली होती. टायरची नळी खळखळत होती!

"आता ऐका," ती म्हणाली. "निरोगी माणसाचंही रक्त साध्या नळीत थिजतंच. थिजलं नाही तर भाजीची सुरी लागून माणूस संपेल! आणि ह्या दुसऱ्या नळीत..." तिने बुचाभोवतीचा सोनेरी कागद सोलला, आत प्रयोगशाळेचे जांभळे बूच निघाले. "हिच्यात आधीपासूनच औषध लावलेलं असतं, रक्त थिजू नये म्हणून. नीट मिसळायला आठ वेळा हलवायची. आम्ही रोज शेकडो भरतो. कुणाच्याही पणजोबांना त्रास देत नाही."

"माझी शिडी!" पोस्टमन उठून उभे राहिले. "माझ्या पणजोबांची बदनामी केलीत तुम्ही!"

बाबांनी मागील दाराकडे प्रयाण केले, परंतु तेथे तीन कपाटे उभी होती. पैकी एका कपाटातून शिष्याचा आवाज आला, "इथं जागा नाही, महाराज."

सासूबाई मात्र बाबांकडे पाहत नव्हत्या. त्या आपल्या पोटरीकडे पाहत होत्या. "म्हणजे माझी गाठ गेलीच नाही?"

"नाही, आई."

"आणि मी डबल घेणार होते." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "उचला मला." तेवढ्यात बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला.

इस्पितळात चिपेवर थेंब पडला आणि पाव तासाने यंत्राने होकार दिला. शरीराचे त्या औषधाशी वैर होते. डॉक्टरांनी पायाची सोनोग्राफी करून गाठ पाहिली, ते इंजेक्शन कायमचे बंद केले, आणि गाठ आवरणारे निराळे औषध त्याच घटकेस सुरू केले. आणखी एक दिवस गेला असता तर पायाचा भरवसा नव्हता, असे ते म्हणाले. पाचव्या दिवशी सासूबाई पायाची बोटे हलवून सर्वांना दाखवू लागल्या. शेजारच्या खाटेवरील बाईने विचारले, "कुणाच्या कृपेनं बऱ्या झालात हो?"

"कृपा कसली! तपासलं, कळलं, औषध बदललं."

वाचकहो, यंत्रदेखील चुकू शकते. म्हणून डॉक्टर त्याचा निकाल दुसऱ्या तपासणीशी ताडून पाहतात, आणि तसे करण्यात कोणाचाही अपमान होत नाही. ज्याचा चमत्कार तपासण्याचे नाव काढताच त्याला राग येतो, त्याच्यापुढे आपला हात, आपले रक्त आणि आपली आई कदापि ठेवू नका. त्याला नम्रपणे एवढेच विचारा, "महाराज, हेच मंत्राशिवाय होतं का, बघू या?" आणि उत्तर येईपर्यंत थांबू नका, रुग्णाला घेऊन इस्पितळाकडे निघा.