नळीभोवतीचा सडा

नांदगाव खंडेश्वरजवळ जमिनीखालच्या काळ्या खडकात दोन वर्षांपूर्वी कार्बन डायऑक्साइड वायू कोंडला होता. तो तिथंच मुरतोय की वर झिरपतोय, हे चतुराबाईच्या वावरात रोवलेल्या नळीपाशी दर मंगळवारी मोजायचं, हे फलक नावाच्या तंत्रज्ञ मुलीचं काम. आकडा दर वेळी चढाच येई. आकडा चढला की अमरावतीचे साहेब आधी दगडाला दोष देत. त्यांनी कॉम्प्युटरवरच्या मॉडेलात खडकाला एक भेगही पाडून टाकली होती. फलकला ती भेग पटत नव्हती, पण आकड्यापुढं कोण बोलणार?

एरवी तिला पोचायला दुपार व्हायची. त्या मंगळवारी जीप सकाळीच मिळाली. आकडा साफ उतरलेला! ती चक्रावून पुन्हा मोजत होती, तोवर चतुराबाई शेणकाल्याची बादली घेऊन आली आणि तिला पाहून ओशाळली.

"लवकर आली माय? नळीभोवती सडा टाकाचाच राहिला."

ओलं शेण कुजताना तोच वायू सोडतं. साहेबांची भेग या बादलीतली होती.

"मावशी, दर मंगळवारी? वावरात सडा?" फलक जवळजवळ ओरडलीच. "काहून पण?"

चतुराबाईनं बादली खाली ठेवली.

"आमच्या गावात ऑफिसचे लोकं येतेत ते कोनी जीव देल्यावरच. आमी जित्ते असतानी येनारी तू एकटीच. मंग सडा नाही टाकू काय?"