छागलीतली पहिली ओंजळ

मित्रांनो, तुम्ही मला बहुधा पाहिलेलं नसेल. मी छागल. जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, तोंडाला बूच, वर दोरी. पूर्वी उन्हाळ्यात जीपच्या पुढे लटकत असे, तीच. माझ्या अंगातून पाणी झिरपतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. थोडं गमवायचं आणि उरलेलं गार ठेवायचं, एवढाच माझा धर्म.

मी उकंडरावांच्या जीपवर होते. ते वारले, जीप भंगारात गेली आणि पिंपळगाव राजाच्या त्यांच्या घरात मी माळ्यावर पडले. कोणी माझी आठवण काढली नाही. मीही कोणाची काढली नाही.

यंदा त्यांच्या मुलानं, हरिओमनं, नवी कार घेतली आणि भर मे महिन्यात लोणारचं सरोवर पाहायला जायचं ठरलं. तो, बायको अनुपमा, मुलगी आरोही आणि आई पुष्पाबाई. पुष्पाबाईंना सरोवराशी काही देणंघेणं नव्हतं. लोणारच्या अलीकडे एका खेड्यात त्यांची थोरली बहीण गोजरबाई अंथरुणाला खिळली होती. तिचं अन्नावरून मन उडालं होतं. फोनवर तिनं एकच मागितलं होतं, माहेरच्या विहिरीचं पाणी. ती विहीर पिंपळगावातच होती, कारण पुष्पाबाईंना गावातल्या गावातच दिलं होतं.

अनुपमानं बाटली पुढे केली. पुष्पाबाई म्हणाल्या, "बाटलीतलं पानी तिथं जाईलोक गरम होते. आक्काले गारच लागते." मग मला माळ्यावरून काढलं.

चूक इथेच झाली. वाळलेल्या छागलीला आदल्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावं लागतं, म्हणजे धागे फुगतात आणि ती नुसती झिरपते, गळत नाही. पुष्पाबाईंना हे ठाऊक होतं. पण भिजवायचं काम नेहमी उकंडरावांचं, म्हणून ते राहून गेलं. विहिरीवर मला भरताना त्या आरोहीला सांगत होत्या की लहानपणी आक्का दोर ओढायची आणि पहिली ओंजळ नेहमी धाकटीला, म्हणजे त्यांना, द्यायची. मग मला कारच्या बाहेरच्या आरशाला बांधलं आणि मी गळू लागले.

खामगावात हरिओमच्या दोस्ताचा वजनकाटा होता, कापसाच्या गाड्या तोलायचा. हौसेला मोल नाही. हरिओमनं कार माणसांसकट काट्यावर चढवली. मग एकेकानं उतरून पाहायचं ठरलं, तर अनुपमा काही केल्या उतरेना, कारण तिचं एकटीचं वजन सगळ्यांना कळलं असतं. माझं घटणारं वजन मात्र कोणी पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त पुष्पाबाईंनी. त्या उतरून माझ्याखाली पेला धरून उभ्या राहिल्या आणि साठलेलं पाणी परत माझ्यात ओतलं. अनुपमानं पुन्हा बाटली दाखवली. थोड्या वेळानं छागल दम धरते, गळायची थांबते, असं पुष्पाबाई म्हणाल्या. हट्टाला औषध नसतं.

पुढे एका वांग्याच्या शेतात कोट, टाय आणि काळा चष्मा घातलेलं बुजगावणं होतं. शेतमालक जानरावांनी सांगितलं, त्याला पाखरं काही भीत नाहीत, पण माणसं गाडी थांबवतात आणि वांगी घेतात. आरोहीनं फोटो काढले, अनुपमानं वांगी घेतली. पुढे मेहकरला सगळे उसाचा रस प्यायले. पुष्पाबाई नको म्हणाल्या. सकाळपासून त्यांनी ओठही ओले केले नव्हते. आक्काच्या आधी पाणी प्यायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. एव्हाना मी दम धरला होता, पण माझ्यात फार काही उरलं नव्हतं.

गोजरबाईंच्या गावाचा फाटा आला तेव्हा हरिओम म्हणाला, आधी सरोवर पाहू, मावशीकडे संध्याकाळी जाऊ.

"सरोवर उद्याबी तिथंच राहीन," पुष्पाबाई म्हणाल्या. "आक्काचं मले माईत नाही."

हरिओमनं गाडी फाट्यावर वळवली.

गोजरबाईंना उशीला टेकवून बसवलं. पुष्पाबाईंनी पेला मागितला. गोजरबाईंनी मान हलवली आणि मला स्वतःच्या मांडीवर घेतलं. त्यांना बूच काढायला वेळ लागला.

"ओंजळ धर," त्या म्हणाल्या.

"आक्का, थोडंच हाय. तुह्यासाठी आनलं."

"दिसते मले. तोंड पाह्य तुह्यं, कसं सुकलं. तू पे आधी."

पुष्पाबाईंनी ओंजळ पुढे केली. पाणी प्यायल्या आणि रडल्या. उरलेलं गोजरबाईंनी माझ्या तोंडाला तोंड लावून संपवलं. मग म्हणाल्या, वांगी दिसतात पिशवीत, भाजी करा, भाकरीसोबत खाईन.

मित्रांनो, मी कॅनव्हासची आहे. मला भरून यायचं काही कारण नाही. पण त्या दिवशी मी पार रिकामी झाले आणि मला बरं वाटलं.

तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी कोणी असेल तर तिला काढा आणि रात्रभर भिजवा. नंतर परत माळ्यावर टाकू नका. रोज थोडं पाणी मिळालं की आम्ही गळत नाही.