तेत्सुची दोरी

मिसाओचा धाकटा दीर मित्सुआकी संध्याकाळच्या बोटीने येणार होता आणि जाताना घरचा कुत्रा, तेत्सु, घेऊन जाणार होता. फोनवर त्याने आडपडदा ठेवला नव्हता.

"वहिनी, दादाचं हे असं झालंय. उद्या तुमचंही हाड मोडलं तर दोघांचं कोण करणार? डोंगरापलीकडे रानडुकरांची शिकार करणारा एकजण आहे. ठेवून घेतो म्हणतोय."

मिसाओ 'बरं' म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार? हनुवटीचे टाके अजून ठणकत होते. धक्क्यावर मांजर दिसलं, तेत्सुने हिसडा दिला आणि ती सगळ्यांसमोर तोंडावर आपटली होती. कुत्रा तसा तिच्या नवऱ्याचा, कानेझोचा. रुंद छातीचा, अंगावर वाघासारखे पट्टे. कानेझोच्या हातात असतानाही तो ओढायचाच, पण कानेझो खांबासारखा उभा राहायचा. वसंतात कानेझोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ अडखळायला लागली. पाणी हवं असलं की तो चहा मागायचा. मिसाओ मनातल्या मनात दुरुस्त करून पाणी आणून द्यायची.

फोनवरचं सगळं कानेझोने ऐकलं होतं. जेवण होताच तो उठला. मग भिंतीला धरत धरत पडवीत गेला आणि डाव्या हाताने एक दोरी ओढत घेऊन आला. विकलेल्या होडीची, खाऱ्या पाण्याने मऊ पडलेली.

"कर," तो म्हणाला.

"काय करू?"

त्याने तेत्सुकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या गळ्याभोवती आणि छातीभोवती हात फिरवला. "ओढलं... की आवळतं. सोडलं की सैल."

मिसाओला कळलं. गळ्यात एक पक्की, न सरकणारी गाठ घालायची. तिथून दोरी पाठीवरून न्यायची, पुढच्या पायांमागून पोटाभोवती फिरवून स्वतःच्याच खालून काढायची. ओढ बसली की छातीपाशी आवळणार आणि कुत्र्याचा जोर तिथेच मोडणार. पण गाठी हे नवऱ्याचं काम. तिचा जन्म मासे साफ करायच्या शेडमध्ये गेलेला.

"अहो, त्यापेक्षा मित्सुआकीलाच सांगू ना, तो बांधेल."

"तो नेईल," कानेझो म्हणाला. एवढे दोन शब्द मात्र स्वच्छ आले.

ती ओसरीवर बसली. तो एकेक शब्द शोधून सांगत होता आणि ती करत होती. वेटोळं घाल. टोक घे. भोकातून काढ. "वरून," तो म्हणाला. तिने वरून घातलं. त्याने मान हलवली. पण तो पाहत होता तिच्या चेहऱ्याकडे, गाठीकडे नाही.

दोरीचं दुसरं टोक तिने ओसरीच्या खांबाला बांधलं आणि फास तेत्सुच्या गळ्यात घातला. पोटाचा वेढा घालायला ती वाकते तोच फाटकासमोरून टपालवाल्याची स्कूटर गेली. तेत्सुने झेप घेतली.

गाठ सरकली. एका क्षणात दोरी केसांत रुतून दिसेनाशी झाली. तेत्सु मागच्या पायांवर उभा राहिला, पडला, पुन्हा ओढू लागला. घशातून घरघर आली, मग तीही थांबली. मिसाओ नखांनी गाठ उचकटायला गेली तर ती आणखीच घट्ट झाली. कुत्र्याची जीभ जांभळी पडत चालली होती.

"अहो, सुटत नाहीये. सुटत नाहीये ही."

कानेझो बसल्या बसल्या पायरीवरून घसरत खाली आला होता. डाव्या हातात ओसरीवरची मासे कापायची सुरी. मिसाओने सुरीकडे पाहिलं, कुत्र्याच्या गळ्याकडे पाहिलं.

"डोकं धर," तो म्हणाला.

तिने तेत्सुवर सगळं अंग टाकलं आणि त्याचं डोकं जमिनीशी दाबून धरलं. कानेझोने सुरी सपाट धरून दोरी आणि कातडीच्या मधे सरकवली. पातं वळवलं. दोरी तुटली. पात्यावर थोडं रक्त होतं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग तेत्सुने मोठ्याने श्वास ओढला आणि खोकत खोकत तिच्या मांडीवर ओकला.

"मी वर म्हटलं?" कानेझोने विचारलं.

"वरून म्हणालात."

"खाली. खाली म्हणायचं..." त्याने स्वतःच्या तोंडावर थापड मारली. पुन्हा हात उचलला तेव्हा तिने मनगट पकडलं.

"पुरे. तुमच्या शब्दांवर मी आता काही करायची नाही. हाताने दाखवा. माझी बोटं धरा आणि न्या कुठे न्यायची ती."

उरलेली दोरी पुरेशी लांब होती. त्याची डावी बोटं तिच्या बोटांवर आली. भोकातून, खालून वर, मागून वळसा, पुन्हा खाली. तिने गाठ पायात अडकवून जीव खाऊन ओढली. सरकली नाही. पुन्हा ओढली. मग स्वतःच्या गळ्यात घालून ओढली. कानेझोने डोळे मिटून घेतले.

मित्सुआकी आला तेव्हा गळ्यात नवी गाठ आणि पोटाभोवती वेढा घातलेल्या तेत्सुला घेऊन ती फाटकात उभी होती. त्याने कुत्र्याच्या मानेवरची जखम पाहिली.

"हे काय केलंत वहिनी?"

"चूक झाली. चल, धक्क्यापर्यंत ये माझ्याबरोबर. मग ठरव."

बर्फाच्या कारखान्यापाशी मांजरं बसलेली असतात, आजही होती. तिचे तळहात घामाने भिजले. तेत्सुने कान टवकारले, जमिनीला छाती टेकवली आणि उसळी घेतली. दोरी पोटाभोवती आवळली. मिसाओ दोन पावलं फरफटली, गुडघ्यावर आली, पण दोरी सोडली नाही. तेत्सु थांबला. मागे वळून पोटाकडे पाहू लागला, तिथे कोणी धरलंय का बघायला. त्याने पुन्हा ओढलं, पण कमी जोराने. मग तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

मित्सुआकीने तिला उठवलं. "गुडघा फुटलाय तुमचा."

"फुटू दे."

त्याने विचारलं, "त्या शिकाऱ्याला काय सांगू?"

"सांग, कुत्रा द्यायचा नाही."

"मी आज घेऊन जात नाही, एवढंच म्हणतोय. परत पडलात तर मी ऐकणार नाही."

"नको ऐकूस."

घरी कानेझो फाटकाला धरून उभा होता. तेत्सुला पाहून त्याने दोरीसाठी डावा हात पुढे केला. मिसाओने दोरी आपल्या मुठीत आणखी एक वेढा देऊन धरली.

"आज नाही," ती म्हणाली, आणि त्याला आधार द्यायला दुसरा हात पुढे केला.