सगळीकडे सारखा

मित्रांनो, मी एक जुना नमदा आहे. नमदा म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. घोड्यावर जीन ठेवण्याआधी त्याच्या पाठीवर लोकरीचे जाड कापड घालतात, तोच मी. जीन चकचकीत, मिरवणारे. मी त्याच्याखाली दडलेला. उगाच जागा भरायला कोंबलेल्या मालाला माणसे खोगीरभरती म्हणतात. तो शब्द कानावर पडला की माझा अजून तिळपापड होतो. एकदा घोड्याच्या पाठीला विचारा म्हणावे!

मला दोन बहिणींनी बनवले. त्या लोकर पिंजायच्या, साबणाच्या कढत पाण्यात भिजवायच्या, तिची वळकटी करून पायांनी तुडवायच्या आणि तुडवता तुडवता कडाकडा भांडायच्या. मोठी म्हणायची, धाकटीचे पाय कमी आणि जीभच जास्त चालते. त्या भांडणाचे मी आजही उपकार मानतो. रागाच्या भरात तुडवलेली लोकर अशी घट्ट बसली की इतक्या वर्षांत माझा कोपरासुद्धा उसवला नाही.

मला विकत घेतले एका घड्याळवाल्यांनी. ते गावोगाव फिरून लोकांची भिंतीवरची घड्याळे दुरुस्त करायचे. त्यांची घोडी काळीभोर आणि स्वभावाने तिखट, म्हणून तिचे नाव मिरी. मी मिरीच्या पाठीवर, माझ्यावर जीन, जिनावर घड्याळवाले आणि त्यांच्या पिशवीत टिकटिकणारी चार-दोन घड्याळे, अशी आमची वरात निघायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

घरी आल्यावर जीन उतरवले की घड्याळवाले आधी चहाकडे वळत नसत. ते मला उलटा करून कठड्यावर टाकायचे आणि माझ्यावरून तळहात फिरवायचे. मिरीच्या घामाने मी सगळीकडे सारखा ओला झालो असेन, तर जीन तिच्या पाठीवर नीट टेकले. मध्येच कुठे कोरडा राहिलो, तर तिथे जिनाचा इतका दाब पडला की घामही फुटला नाही. हात फिरवून झाला की ते घरात ऐकू जाईल असे म्हणायचे, "सगळीकडे सारखा. ठीक आहे." मग मिरीच्या मानेवर थाप. एवढी शाबासकी मला पुरत असे.

मग एका उन्हाळ्यात घड्याळवाले आजारी पडले आणि गेले.

त्यानंतर मला कोणी हात लावला नाही. खुंटीवर लटकलो होतो, उंदरांनी माझी एक कड चाखून पाहिली. मिरी मात्र दिवसभर कुरणात. काम नाही आणि चारा भरपूर, मग काय, चांगली गरगरीत झाली. घड्याळवाल्यांच्या पत्नी शिवणकाम करायच्या, सगळी गल्ली त्यांना शिवणबाई म्हणायची. त्या रोज संध्याकाळी कुंपणापाशी यायच्या, मिरीकडे पाहायच्या आणि परत घरात जायच्या.

हिवाळा लागला तेव्हा एक दिवस त्यांनी मला खुंटीवरून काढले, झटकले आणि मिरीवर जीन कसले. नवऱ्याबरोबर त्या ओढ्याकाठच्या वाटेने घोड्यावरून जात असत, तीच वाट त्यांना पुन्हा हवी होती. पण जीन पाठीवर टेकताच मिरीने कान पाडले. पोटाखालचा पट्टा आवळताना तर तिने बाईंच्या बाहीला दात लावले.

बाईंना वाटले, पाठीला टोचत असेल. त्यांनी जुन्या रजईचा जाड थर कापला आणि बारीक टाके घालून माझ्या पोटाला शिवला. मी फुगलो. खरे सांगतो, मला मोठा रुबाब आला. पण रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मिरी दिवसेंदिवस जास्तच फुरफुरू लागली. माझ्या अंगावर रोज दोन कोरडे डाग उमटत होते, मिरीच्या दोन्ही खांद्यांमागे. मला बोलता येते ते एवढेच. पण ते वाचणारे गेले होते.

"मी नको आहे तिला," एकदा बाई जीन उतरवताना पुटपुटल्या. "तिला तेच हवे होते. आता मी कितीही केलं तरी नकोशीच."

शेवटी त्यांनी मिरीला देऊन टाकायचे ठरवले. डोंगरापलीकडे एका कुटुंबाचे मोठे कुरण होते. ती माणसे सकाळी मिरीला न्यायला येणार होती.

त्याच्या आदल्या दिवशी बाई शेवटचा फेरफटका मारून आल्या. मिरीने पुन्हा दात दाखवले होते, बाईंचे डोळे सुजले होते. आभाळ अगदी निरभ्र, वारा पडलेला, गारठा आतापासूनच बोचत होता. कुंपणापलीकडे रोपवाले आपली रोपे झाकत होते. ते घड्याळवाल्यांचे जुने मित्र. त्यांचाही एक घोडा होता, भुऱ्या, ढोलासारख्या पोटाचा.

"वहिनी, आज दव गोठणार," ते ओरडले. "लिंबू झाका!"

ते लिंबाचे रोप घड्याळवाल्यांनी लावले होते. बाई घाईघाईने आल्या आणि हाताला लागलो तो मीच, घामाने ओला. त्या मला रोपावर टाकणार तोच रोपवाल्यांनी कुंपणावरून हात घातला.

"अहो थांबा, थांबा! असं अंगावर लादायचं नसतं. कापड पानाला चिकटलं की तिथंच करपतं. आधी काठ्या रोवा, मग वरून पांघरूण. मध्ये हवा राहिली पाहिजे. आणि हे तर ओलंय." बोलता बोलता त्यांनी मला उलटे केले आणि थबकले. "वहिनी, हे दोन डाग कोरडे कसे?"

"कोरडे आहेत ते चांगलंच की, भावजी. तिथे तिला घाम आला नाही."

"येईल कसा? जीन तिथं चिमटा काढतंय. आणि ही आत रजई कुणी भरली?"

"मी. तिला मऊ लागावं म्हणून."

"घट्ट बुटात दोन मोजे घालून चालून बघा, मग कळेल किती मऊ लागतं ते!"

 बाई मिरीपाशी गेल्या आणि तिच्या खांद्यांमागे अलगद बोटे टेकली. मिरीची कातडी थरथरली. दुखरी जागा नेमकी तिथेच होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "अंग भरलं की शिलाई उसवून सैल करायची. लोकांचे कपडे मी जन्मभर सैल करत आले. आणि हिच्या घट्ट कपड्याला आतून अस्तर लावत बसले! भावजी, म्हणजे तिला मी नको होते असं नाही ना?"

"छे हो. तिला फक्त दुखत होतं."

बाई मिरीच्या मानेला बिलगून रडल्या आणि रडता रडता हसल्याही. मिरी ढिम्म उभी. बाहीला दात लावणारे तेच तोंड तिने बाईंच्या खांद्यावर ठेवले.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझी रजई उसवली. लिंबाभोवती काठ्या रोवल्या आणि रजई त्यांच्यावर पांघरली. सकाळी डोंगरापलीकडची माणसे आली, तर बाईंनी त्यांना चहा पाजून, माफी मागून परत पाठवले. मिरीची पाठ बरी झाल्यावर रोपवाल्यांनी भुऱ्याचे एक रुंद जीन आणून दिले. ते मिरीला चपखल बसले. त्याच्यासोबत त्याचा पातळ, बेताचा नमदाही आला.

मग माझे काय? घड्याळवाल्यांचे जुने जीन बाईंनी पुसून घोडीवर ठेवले, लाकडाच्या. माझ्या खऱ्या घोडीवर आता दुसरा कोणी बसतो. पहिल्यांदा ती त्याच्यासह ओढ्याकडे निघाली तेव्हा मला फार वाईट वाटले. पण तिने कान पाडले नाहीत, हे मी पाहिले. तिच्यावर माझा जीव आहे, म्हणून एवढे मला पुरले.

आता निरभ्र संध्याकाळी रजईच्या जागी मी लिंबावर असतो. लिंबावर म्हणजे काठ्यांवर, पानांपासून वीतभर उंच.

मित्रांनो, तुम्हालाही कुणीतरी जिवापाड आवडत असेल. त्याच्यावर पांघरुणांवर पांघरुणे घालण्याआधी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. कुठे दुखते ते पाहा. कधी मायेने थोडे लांबही राहावे लागते. मला ते या म्हातारपणी, एका रोपावर टांगून घेतल्यावर कळले.

आज सकाळी शिवणबाई मला काढायला आल्या. मिरी कुंपणावरून मान घालून मला हुंगत होती. बाईंनी मला उलटे केले आणि माझ्यावरून सावकाश तळहात फिरवला, पार कडेपर्यंत. मी दवाने चिंब होतो.

"सगळीकडे सारखा," त्या म्हणाल्या. "ठीक आहे."