वॉल्टरचा फोटो

कॅनडातल्या सेंट जॉन नदीच्या पुराचं पाणी ओसरायला लागलं, तसा सिरील तुस्कानो कॅमेरा घेऊन निघाला. तो आणि रिटा मिसिसागाहून मुलीकडे, फ्रेडरिक्टनला आले होते. रिटायर झाल्यापासून न्यू ब्रन्सविकमधले छपराचे लाकडी पूल आणि आसपासची शेतं टिपायचा त्याला नाद लागला होता. पुरातून काय वाचलंय ते त्याला बघायचं होतं.

"लोकांची घरं बुडाली आणि तू फोटो काढत फिरणार?" रिटा म्हणाली. पण त्याला एकटं सोडवेना, म्हणून तीही गाडीत बसली.

ज्या पुलाचा त्याचा फोटो त्यांच्या चर्चच्या, पॅरिशच्या कॅलेंडरवर छापून आला होता, तो पूल जागेवर नव्हताच. दोन्ही काठांवर दगडी बांधकाम तेवढं उभं. शेतात गुडघाभर गाळ होता, गवताचे भारे फुगून फुटले होते आणि त्यांचा आंबूस वास नाकात जात होता. सिरील वसईच्या वाडीत वाढलेला. कुजलेलं पीक त्याला नवं नव्हतं. तरी त्याने कॅमेरा डोळ्याला लावलाच.

घरातून गमबूट घातलेली एक म्हातारी बाई आली. ही आता हाकलणार, असं वाटून त्याने कॅमेरा खाली केला. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आला होतात ना? माझ्या नवऱ्याचा फोटो काढलात. पुलाच्या तोंडाशी उभा होता तो."

तिचं नाव ग्लेंडा. नवरा वॉल्टर जानेवारीत गेला होता. घरातले सगळे आल्बम बेसमेंटमध्ये होते आणि बेसमेंट पाण्याने छतापर्यंत भरलं होतं.

"तो फोटोला कधी उभाच राहायचा नाही," ती म्हणाली. "तुम्ही पाठवतो म्हणाला होतात. आहे ना तुमच्याकडे?"

"बघतो," सिरील म्हणाला. तिने सांगितलेला नंबर आणि पत्ता त्याने फोनमध्ये घातला.

दोघं गाडीत बसले.

"तू तर त्यांना पुसून टाकलं होतंस," रिटा म्हणाली.

खरं होतं. त्या दिवशी म्हातारा आपणहून येऊन उभा राहिला होता, टोपी काढून. बाजूला व्हा म्हणायला सिरीलला संकोच वाटला. घरी आल्यावर मात्र त्याने कॉम्प्युटरवर त्याला काढून टाकलं. रिकामा पूल छान दिसत होता. तोच फोटो त्याने ठेवला. पाठवायची मग लाज वाटली.

मिसिसागाला परतल्यावर त्याने दोन्ही हार्ड डिस्क पालथ्या घातल्या, कॅमेऱ्याची जुनी कार्डं दुकानात देऊन पाहिली. त्या दिवसाचं काहीच उरलं नव्हतं. जागा करायला त्यानेच सगळं डिलीट केलं होतं.

"डॅड, यू कॅन जस्ट अ‍ॅड समवन," मुलगी एलेन फोनच्या स्पीकरवर म्हणाली. "एआय विल डू इट."

"आणि चेहरा कोणाचा लावशील गं?" रिटाने विचारलं.

रविवारी चर्चमधल्या मासहून आल्यावर सिरीलने ग्लेंडाला फोन केला. हरवला, असं सांगता आलं असतं. त्याने खरं ते सांगितलं.



"त्याने मुद्दाम दाढी केली होती," ग्लेंडा म्हणाली. "तुमची गाडी खिडकीतून दिसली तेव्हा. मला म्हणाला, एवढ्या लांबून माणूस आलाय."

"आय अ‍ॅम सॉरी, ग्लेंडा."

"कसा दिसत होता तो? तुम्ही तर नीट पाहिलं असेल."

सिरीलने डोळे मिटले. लाकडाचा करडा रंग त्याला आठवत होता, छपरावरून उतरणारं ऊनही. माणसाचा चेहरा काही केल्या आठवेना.

"उंच होते," तो म्हणाला.

"नव्हता," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

जूनमध्ये त्याने तिला पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी ते न उघडताच परत आलं. त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं.