इनामदारांची चौकट

कुऱ्हाडीला धार लावून सोनबा अंगणात आला, तर अक्काबाई चौकटीवर बसलेली.

चौकट अंगणात आडवी पडली होती. जुन्या सागवानाची, काळीभोर, उंबऱ्यासकट. वरच्या पट्टीवर दोन कमळं कोरलेली. टेम्पोवाल्या हनुमंतानं ती सकाळी इनामदारांच्या पाडलेल्या घराच्या जागेवरून आणून उतरवली होती आणि चहालासुद्धा न थांबता गाडी वळवून निघून गेला होता.

"ऊठ," सोनबा म्हणाला.

"न्हाई उठत."

"अगं ऊठ म्हणतो ना. सरपण करतो हिचं. एक पावसाळा चूल पेटंल."

"ह्या लाकडावर शिजलेलं तुमच्या घशाखाली उतरंल?"

सोनबानं कुऱ्हाड भिंतीला टेकवली आणि तो तिथंच उकिडवा बसला. दुपारचं ऊन कडक होतं. अंगणातली माती तापून भुरभुरीत झाली होती. चौकटीच्या एका खांबाला अजून पांढऱ्या मातीचा गिलावा चिकटलेला होता. त्याच मातीच्या भिंतीखाली त्यांचा पोरगा सम्राट गेला होता. गेल्या चैत्रातली गोष्ट.

वरवे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, जुनं घर पाडायचं तर सोनबाला आणि त्याच्या पोराला बोलवायचं. कापूरहोळपासून भोरपर्यंत बापलेकांनी किती घरं उतरवली असतील. कौल फुटू द्यायचे नाहीत, वासा मोडू द्यायचे नाहीत. लोकांना स्लॅबची घरं हवी असायची. मोडीतलं जे मालकाला नको, ते हे दोघं आपलं नवं घर बांधायला घरी आणायचे. घराच्या मागं प्लॅस्टिकच्या कागदाखाली त्याचा ढीग झाला होता. खिडक्या रस्तारुंदीत पडलेल्या एका ढाब्याच्या. विटा कुणाच्या गोठ्याच्या. फरशी चार ठिकाणची, म्हणून चार रंगांची.

"आई, तुजं घर म्हंजी गावजेवण हाय," सम्राट म्हणायचा. "समद्यांच्या घरातलं थोडं थोडं."

"आन दार कुणाचं?" अक्काबाई विचारायची.

"दार बघतोय. मनासारखं घावंना अजून."

राहत्या घराचं दार बुटकं होतं. पोरगं वाढलं ताडासारखं. आत-बाहेर करताना कपाळ आपटायचं आणि अक्काबाई चुलीपुढून ओरडायची, "वाक की रं जरा." त्याच्या कपाळावर कायमचं टेंगूळ आलं होतं.

मग शेजारच्या गावातलं इनामदारांचं घर पाडायला मिळालं. वारस पुण्यात राहणारा. त्याला जागा सपाट करून हवी होती. बापलेकांनी कौलं उतरवली, वासे उतरवले, तुळया काढल्या. उरल्या नुसत्या भिंती. दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी यायचा होता. सोनबा हनुमंताच्या टेम्पोतून कौलं घेऊन किकवीला गेला. परत आला तेव्हा पुढची भिंत जागेवर नव्हती. धुरळा खाली बसला होता आणि माणसं हातांनी माती उपसत होती.

"घर बांधताना चौकट पयली उभी ऱ्हाती, पाडताना शेवटाला निघती," सोनबा जमिनीकडं बघत म्हणाला. हे तो रोज कुणाला ना कुणाला सांगायचा. "भितीचा समदा भार तिच्यावर. आधी भीत उतरवायची, मग चौकट. एवढंसं हुतं तवाच म्या त्याला शिकवलं. मग ह्यानं आधी चौकट का उपसली?"

"सकाळी जेसीबी येनार हुता. त्यानं हिचा भुगा केला असता."

"करू दे की. लाकूडच ते. कापूरहोळच्या वखारीत कमी चौकटी हायेत? त्याला हीच का पायजे हुती?"

अक्काबाईचा हात चौकटीवरून फिरत होता. कमळापाशी येऊन थांबला.

"तुमी त्या घरात कुठनं जात हुता?" तिनं विचारलं.

"कुठनं म्हंजी?"

"काम करताना. आत-भायेर कुठनं करत हुता?"

"मागनं. मागल्या भितीला भगदाड पाडलं हुतं न्हवं."

"आन म्होरलं दार?"

सोनबानं मान वर केली.

"सम्राट मला जेवताना सांगत हुता," अक्काबाई म्हणाली. "म्हनला, आई, आबांची एक गंमत बघ. घरावर छप्पर न्हाई, दाराला फळ्या न्हाईत, मालक तिकडं पुण्यात. तरी आबा दारातनं जात न्हाईत. टोपलं डोक्यावर घेऊन समद्या घराला वळसा घालत्यात आन मागच्या भगदाडातनं आत शिरत्यात."

सोनबाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. आत्ता, तिनं सांगितल्यावर, त्याला आपले पाय दिसले. लहानपणी बापाच्या धोतराला धरून तो त्या दारासमोर उभा राहायचा. बापाच्या डोक्यावर लाकडाची मोळी. उंबऱ्याच्या खाली एक दगड होता, त्याच्या पुढं यायचं नाही. बाप वाकून मोळी टाकायचा, वाकूनच मागं सरायचा. मग वरून कुणीतरी ओंजळीत पाणी ओतायचं. बाप मरून जमाना झाला, इनामदार मेले, तो दगडही कुणीतरी जोत्याला नेला. पाय मात्र तसेच वळत राहिले.

"मग?" सोनबानं विचारलं. "पुढं काय म्हनला?"

"आधी हसला लई. मग भाकर तशीच ठिवली ताटात. म्हनला, तीच चौकट आपल्या घराला बसवतो. बघू मग आबा कुठनं जात्यात."

वाऱ्याची एक गरम झुळूक आली. ढिगावरचा प्लॅस्टिकचा कागद फडफडला. सोनबानं कमरेला बांधलेलं फडकं सोडलं आणि चौकटीला चिकटलेली पांढरी माती पुसायला लागला. निघेना, तेव्हा नखानं खरवडायला लागला. अक्काबाई उठून दुसऱ्या खांबाशी बसली. दोघंही रडत होती. पण कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

आठवड्यानं चिमाजी गवंडी आला. सम्राटनं जोतं आधीच बांधून ठेवलं होतं. चिमाजीनं टेप लावली, मान हलवली.

"सोनबाअप्पा, लई उंच हाय ही. तुमचा पत्रा हिच्या माथ्याच्या खालीच बसायचा. खालनं हातभर कापून टाकू. तुमी दोघं जुनी मानसं, एवढं उंच दार कुणासाठी?"

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

"कापायची न्हाई," सोनबा म्हणाला. "पत्रा वर घ्या."

"अवं पन भिती वाढवाव्या लागतील. विटा पुरायच्या न्हाईत."

"विटा म्या आनतो. कुठनं बी आनतो. किकवीला एक गोठा पडायचाय."

चौघा माणसांनी चौकट उभी केली. अक्काबाईनं त्रिशरण म्हटलं. मधेच तिचा आवाज बसला, तेव्हा पुढचं सोनबानं म्हटलं. चौकट सरळ उभी आहे का बघायला चिमाजीनं ओळंबा सोडला.

"अप्पा, आतनं जरा टेका धरा."

सोनबा निघाला. जोत्याच्या कडेकडेनं, मागच्या बाजूला, जिथं भिंत अजून उभी राहिली नव्हती.

"अवं," अक्काबाई आतून म्हणाली. ती चौकटीच्या पलीकडं उभी होती. "तिकडनं न्हाई."

तो थांबला. मागं फिरला. चौकटीच्या दोन्ही बाजूंना नुसती मोकळी हवा होती, कुठूनही आत जाता आलं असतं. तो दारासमोर येऊन उभा राहिला. मग त्यानं पाय उचलून उंबऱ्याच्या आत टाकला.

डोकं मात्र त्यानं खाली घातलंच. सवयीनं. वर बघितलं, तर कमळं डोक्याच्या हातभर वर होती. मधली सगळी जागा रिकामी होती. सम्राट तेवढाच उंच होता.

"वाकलात," अक्काबाई म्हणाली.

"व्हय," सोनबा म्हणाला आणि त्यानं टेका धरला.